पंख्याला बांधलेली दोरी

सक्करदरा, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२५

ताई,

पत्र फाडण्याआधी खालचे तीन प्रश्न तेवढे वाच. बाकीचं चुलीत घातलंस तरी चालेल.

आईची पाळी कितव्या वर्षी गेली? तुझी कितव्या वर्षी गेली? आणि त्या काळात तुझ्या बोटांचे सांधे सुजायचे का?

मी नाही विचारत, डॉक्टर विचारतेय. रितिका नाव आहे तिचं, माझ्या ऋतुजाहून फार तर दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तिनं चार पानांचा फॉर्म दिलाय, त्यात एक अख्खं पान घरातल्यांच्या आजारांचं आहे. आई गेली. भाऊ नाही. राहिलीस तू. तुझ्या मोबाइलवर माझा नंबर ब्लॉक आहे. ऋतुजाच्या फोनवरून लावला तर माझं 'हॅलो' ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. बारा वर्षांत लिहिलं नाही आणि आजही हौस म्हणून लिहीत नाहीये.

मला एकोणपन्नासावं सुरू आहे. फेब्रुवारीपासून पाळी नाही. त्याचं सुतक मी पाळलेलं नाही, गेली ते बरंच झालं. पण दिवसातून दहा वेळा पोटातून काहीतरी पेटत वर येतं. छाती, मान, कान, मग कपाळ. ब्लाउज पाठीला चिकटतो. दोन-चार मिनिटांत सगळं उतरतं आणि त्याच घामानं हुडहुडी भरते. मे महिन्यात शेजारच्या शोभाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अवं, नागपूर आहे हे. सगळ्यायलेच उकडून राहिलं." मलाही ते पटवून घ्यायला बरं वाटलं. नागपूरच्या उन्हाळ्यात बाईचं काहीही खपून जातं. आता नोव्हेंबर आहे. पंकज स्वेटर घालून टीव्ही बघतात आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर अनवाणी उभी असते.

वर हे हात. सकाळी बोटांची पेरं अशी सुजतात की स्वतःची वेणी घालता येत नाही. लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. रक्ताच्या रिपोर्टात अंगात सूज आहे असं आलंय, असायला पाहिजे त्याच्या दुप्पट. डॉक्टर म्हणते, पाळी जाताना सांधे असे दुखतात, पण हा संधिवातही असू शकतो. म्हणून आईचं आणि बहिणीचं कळलं पाहिजे.

आणखी एक विचारते, त्याचं उत्तर लिहू नकोस. साडीच्या निऱ्या तू शिकवल्यास. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आई लाजून बाजूला झाली आणि सगळं तू शिकवलंस. पंकजचं स्थळही तूच आणलंस. धाकट्या दिराला आपली सख्खी बहीण दिली म्हणजे जाऊ परकी यायची नाही, असा तुझा हिशेब. एवढं सगळं केलंस, मग हे असं होतं, हे काहून नाही सांगितलंस?

तीन उत्तरं पोस्टकार्डावर पाठव. खुशाली लिहायची गरज नाही.

प्रेमलता


४ डिसेंबर २०२५

ताई,

सोळा दिवस झाले. पोस्टमनला दोनदा अडवलं. आता तो माझ्या फाटकापाशी आला की सायकल जोरात मारतो.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. त्या फॉर्ममध्ये एक रकाना असा आहे की घरात कोणाला मानसिक आजार होता का. दवाखान्याच्या बाकावर बसून पंकजनी स्वतःच्या पेनानं तिथे 'होय' लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'मोठी बहीण'. मी शेजारीच बसले होते. मांडीवर पर्स होती, पर्सची चेन उघडत होते, लावत होते. 

आता राग आला असेल. येऊ दे. बारा वर्षांत तुझ्याकडून काहीच आलेलं नाही. आईच्या तेरवीला पंगतीत सगळ्यांना वाढलंस आणि माझ्या ताटापाशी आल्यावर भांडं दुसरीच्या हातात दिलंस. रागावली असतीस तर मी उलट बोलले असते. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस.

आता त्यांना माझ्याबद्दलही तेच वाटतं, ते कशावरून तेही सांगते. उमरेडच्या सासरचे माग विकून जमाना झाला, पण इथे एका विणकाम केंद्रात मी बायकांना शिकवते. आठ माग, चौदा बायका. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच असतं की मागघरात पंखा लावायचा नाही. सूत कोरडं पडतं, ताण्याच्या उभ्या तारा तुटतात. आपल्याकडे कसं, खिडक्यांना ओली पोती टांगायचो, जमीन शिंपायचो, आणि बाबा म्हणायचे की माणूस भिजला तर वाळतो, सूत वाळलं तर जातं. मी ते वाक्यही त्या बायकांना पाठ करून दिलंय.

सोमवारी सकाळी अकरा वाजता पोटातून ते पेटलं. मी उठले, बटण दाबलं आणि पंखा पाचवर केला. मीच, चौदा जणींसमोर, डिसेंबरात. डोळे मिटून त्याच्याखाली उभी राहिले आणि खरं सांगते, असं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. मॅडमला कोण टोकणार. डोळे उघडले तेव्हा दोन मागांवरचे ताणे गेले होते. तारा सांधायला बसले तर बोटं वळेनात. शेवटी त्या बायकांनीच मला बाजूला बसवून तारा सांधल्या.

केंद्राचे उन्मेषसर सभ्य आहेत. "मॅडम, काही दिवस आराम करून घ्या," म्हणाले. आराम म्हणजे काय ते मला कळतं. मी घरी पोचायच्या आत त्यांनी पंकजना फोन केला होता. मी चपला काढत होते आणि आत पंकज उमरेडला भाऊजींशी बोलत होते, "दादा, हे तर तिच्या बहिणीवानीच करून राहिली. मागावर पंखा लावला ना गा हिनं. घराण्यातच असल ते."

आता पुढच्या महिन्यात भाऊजी येणार आहेत. तुला ज्या महाराजाकडे नेलं होतं तो अजून आहे म्हणे. तुझ्या गळ्यात ताईत बांधला होता आणि चाळीस दिवस उपाशीपोटी कडुनिंबाचा रस पाजला होता, ते मी विसरले नाही. रसाचा पेला मीच आणून द्यायची. आता माझी पाळी.

मी डॉक्टरला सांगू शकते की माझी बहीण वेडी नव्हती. पण ती विचारेल, मग घरचे असं का म्हणतात? आणि तिथे माझी गाडी अडते.

प्रेमलता


११ डिसेंबर २०२५

ताई,

पंकज दुकानात आहेत, ऋतुजा कॉलेजात. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

मे २०१३. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आधी लिहिते. एका लग्नघरच्या नऊ साड्यांचा ताणा मागावर चढला होता. त्या उन्हाळ्यात तू सारखी पंख्याकडे धावायचीस, म्हणून भाऊजींनी मागघरातल्या पंख्याची पाती लाल सुताच्या दोरीनं बांधून टाकली होती. एका दुपारी ती दोरी सुटली, पंखा फिरला आणि तीनशेच्या वर तारा तुटल्या. तुझ्याशिवाय कोण सोडणार? आग तुझ्या अंगात होती.

भाऊजींनी तुला विचारलं. तू एकदाच 'नाही' म्हणालीस. मग मला विचारलं, म्हणजे मला कुठलं, मी तर धाकट्याची बायको. लग्नाआधी ज्यांच्याशी 'भाऊजी भाऊजी' करून मस्करी करायची, ते लग्न झाल्यावर माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ झाले. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. ते पंकजना म्हणाले, "विचार तिले, तिनं काही पाह्यलं का." मी पदराआडून बोलले, "ताईच्या अंगात आग राहते. डोकंही ठिकाणावर नाही राहत तिचं आताशा." तुझं डोकं फिरलंय, हे त्या घरात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. आज पंकज माझ्याबद्दल जे म्हणतात ते मीच त्यांना शिकवलं आहे.

आता कोणाला माहीत नसलेली गोष्ट. ऋतुजा सहा वर्षांची होती, तिला तीन दिवस ताप होता. ओल्या पोत्यांमुळे मागघर हीच काय ती गार जागा, म्हणून तिला तिथे चटईवर निजवलं होतं. ती तडफडत होती. मी स्टुलावर चढले आणि दोरी सोडली. दहा मिनिटं लावते आणि पुन्हा बांधते, असं ठरवलं होतं. दोन रात्रींची जागी होते, मलाच झोप लागली. उठले तेव्हा ताणा मागावर लोंबत होता. पंखा बंद केला, पोरीला उचललं. तिचे केस मानेला चिकटले होते, आणि हातात दोरी होती, तर त्या दोरीनंच ते वर बांधून टाकले. लपवायचं म्हणून नाही. तेवढं डोकं तेव्हा चालत नव्हतं. डोकं नंतर चाललं, तू ओसरीवर उभी होतीस आणि सगळे तुझ्याकडे बघत होते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सांगणार होते. मग महाराज, मग तो रस, मग भाऊजी तुला म्हणाले, "चार दिवस माहेरी राहा, डोकं शांत होऊ दे." तू पिशवी घेऊन कायमची कन्हानला निघालीस तेव्हा मी दारात होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी ऋतुजाचं नाक पुसायला वाकले. तिचं नाक वाहत नव्हतं.

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. तुझी ती आग म्हणजे मला नखरे वाटायचे. भर जेवणात उठून जाणं, पदर फेकणं, हौदाशी जाऊन डोक्यावर तांब्या ओतणं. मूल नाही म्हणून लक्ष वेधून घेते, असंही मी एकदा पंकजना म्हणाले होते. तेही लिहून टाकते, आता काय राहिलंय.

त्या सोमवारी केंद्रातल्या पंख्याखाली उभी असताना माझ्या लक्षात आलं की तू दोरी सोडली नव्हतीस. म्हणजे ते मला माहीतच होतं. पण तुला रोज दहा वेळा हे होत होतं, मे महिन्यात, उमरेडात, आणि तू त्या बांधलेल्या पंख्याखाली बसून बॉबिन भरायचीस आणि दोरीला हात लावायची नाहीस. माझ्यानं डिसेंबरात पाच मिनिटं धीर धरवला नाही. हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. मला माझी लाज वाटते. शरम म्हणतात ती काय असते ते आत्ता कळतंय.

माफी मागत नाही. मला फॉर्म भरायचा आहे.

मागच्या दोन ओळी खोट्या आहेत, पण खोडत नाही. राहू देत.

प्रेमा


कन्हान
२२ डिसेंबर २०२५

प्रेमा,

आईची पंचेचाळीसात गेली. माझी एक्कावन्नात. बोटं सुजत होती, पायाचे घोटेही. तीनेक वर्षानं आपोआप उतरली. डॉक्टरले सांग.

काहून नाही सांगितलं म्हणतं. मलेच कोणी सांगितलं नव्हतं. मले वाटे मी मरून राहिली. मरणाचं लहान बहिणीले काय सांगू?

पंख्याचं मले माहीत होतं. त्या संध्याकाळी ऋतूची वेणी मीच घातली. लाल दोरी मीच सोडली तिच्या केसातून. पोरीच्या आईचं नाव मी कशी घेऊ, म्हणून एकदा नाही म्हटलं आन् चूप बसली. वाटलं तू बोलशील. दोन दिवस वाट पाहिली. मग बारा वर्ष पाहिली.

आता मले लिहून काय होते? मले तर माहीतच आहे. ज्यायच्या समोर चूप बसली त्यायच्या समोर बोल. मग मले लिही. त्याच्या आधी लिहू नको.

चंद्रकला


सक्करदरा
५ जानेवारी २०२६

ताई,

बोलले. आता लिहिते.

काल रविवारी भाऊजी आले. थकलेत, पण भूक तीच आहे. मी भरीत आणि ज्वारीच्या भाकरी केल्या. भाकरी थापताना बोटांतून कळा येत होत्या, त्या मी येऊ दिल्या. वाढून झालं आणि नेहमीसारखी आत न जाता समोरच्या खुर्चीवर बसले. डोक्यावर पदर घेतला नाही. पंकजनी दोनदा डोळ्यांनी खुणावलं. ऋतुजा ताटावरून माझ्याकडे बघत होती.

"भाऊजी," मी म्हटलं. चोवीस वर्षांत त्यांना थेट मारलेली पहिली हाक. "मागघरातला पंखा ताईनं नव्हता लावला. मीनं लावला होता."

पंकज हसले. खरंच हसले, ताई. "पाह्यलं, दादा? मी सांगत होतो ना तुले. आता हे असं बोलते. झोप नाही तिले, मनानंच काहीतरी रचून राहिली." मग मला समजुतीच्या आवाजात, "प्रेमा, तू जा, आत जाऊन पड जराशी."

मी पडले नाही. सगळं सांगितलं. ताप, चटई, स्टूल, गाठ कोणत्या पात्याला होती तेही. ऋतुजा म्हणाली, "बाबा, आई खरं बोलून राहिली." पंकज म्हणाले, "तू चूप राह्य. तिच्या रिपोर्टात आलं आहे सारं." माझ्या रिपोर्टात काय आलंय? अंगात सूज आलीय. माझ्या खरेपणाबद्दल त्यात एक शब्द नाही.

भाऊजी जेवत होते. भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं, खाल्लं. मग म्हणाले, "दोरी लाल होती. पोरीच्या केसात होती. त्या दिवशीच पाह्यली मीनं."

टीव्ही चालू होता तो ऋतुजानं उठून बंद केला.

"मंग, दादा..." पंकजनी हातातला घास ताटात ठेवला.

"मंग काय? एका दोरीनं काय फरक पडत होता? तिचं रोजचंच झालं होतं. उठसूट पंखा, उठसूट रडणं. पोरबाळ नाही. घर कंटाळलं होतं तिले." पाणी प्याले. पेला खाली ठेवताना आवाजही झाला नाही. "आता हे उकरून फायदा नाही. हिले दाखव तू महाराजाले. हिचंही तसंच होऊन राहिलं."

बारा वर्षं मी समजत होते की तुला माझ्या गप्प बसण्यानं घालवलं. माझं गप्प बसणं त्यांना फक्त सोयीचं पडलं. यानं माझं ओझं हलकं झालं असं समजू नकोस. उलट, मी एक शब्द बोलले असते तर त्यांना दुसरं निमित्त शोधावं लागलं असतं, आणि निदान ते शोधताना सगळ्यांना दिसले असते.

मला वाटलं, आता तरी पंकज काही बोलतील. त्यांनी भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "भरीत देऊ का, दादा?" संध्याकाळी भाऊजींना बसमध्ये बसवून आले आणि म्हणाले, "दादाचंही आता वय झालं. तेही काहीबाही बोलते. तू मनावर घेऊ नको." म्हणजे बघ, घरात दोन माणसं खरं बोलली. एक म्हातारपणानं बोलला आणि दुसरी पाळी गेल्यामुळे बोलली. महाराजाची वेळ मात्र ठरली आहे. चौदा तारीख, बुधवार, सकाळी दहा.

आज मी एकटीच दवाखान्यात गेले. ऑटोत बसल्या बसल्या फॉर्म काढला. 'होय' खोडलं. 'मोठी बहीण' खोडलं. पेन नीट धरता येत नव्हतं, रेघ वाकडी आली आणि एका जागी कागद फाटला. त्याच्यावर लिहिलं, 'नाही'. डॉक्टरनं ते बघून विचारलं, "हे आधी कोणी भरलं होतं?" मी म्हटलं, "ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी." तिनं पंचेचाळीस आणि एक्कावन्न हे आकडे लिहून घेतले. संधिवाताची तपासणी साफ आली आहे. हे याच वयाचं आहे आणि उतरेल, तोवर गोळ्या आहेत. बारा वर्षांपूर्वी तुला कोणी अशा बाईसमोर बसवलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

ऋतुजा काल रात्री माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी मात्र तेलाची बाटली घेऊन आली, मला पुढ्यात बसवलं आणि माझी वेणी घातली. घालून झाल्यावर म्हणाली, "मोठ्या आईकडे मी तुले गाडीवर नेते. पण मी आत येणार नाही. मले लाज वाटते." तिला कशाची लाज, तिला तर ताप होता. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "दोरी माझ्याच केसात होती ना."

चौदा तारखेला सकाळी दहाला मी महाराजाकडे नसेन, तुझ्या दारात असेन. संक्रांत आहे, पण तिळगूळ आणणार नाही. गोड बोलायला मी येत नाहीये. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. आईच्या तेरवीला केलंस तसं कर, तुझा हक्क आहे. नाही उघडलंस तर मी ओट्यावर बसून राहीन. थंडी फार आहे म्हणून घाईनं उघडू नकोस. मला हल्ली थंडी वाजत नाही.

तुझी
प्रेमा